एमजीबी रोडस्टरचा गंज आणि रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात मी राहतो आणि माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे छत नसलेली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे. तिचा पत्रा, गंज आणि रंग यांत माझे बरेच हिवाळे गेले. इथे नव्याने जुनी गाडी घेतलेले मराठी मित्र असोत की पुण्या-मुंबईतले शौकीन, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. शब्द आपल्या गॅरेजमधलेच ठेवलेत: लांबी (खड्डे भरायची पुट्टी), डुको, सरफेसर, वॉटर पेपर.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे ती जगभर भेटते आणि जवळजवळ प्रत्येक गाडी ठरलेल्या जागीच गंजते. हे एका अर्थी आपलं भाग्यच, कारण कुठे शोधायचं ते आधीच माहीत असतं.

गाडी वरून आरशासारखी चकाकतेय. तरी गंज असू शकतो?

असू शकतो. ताजा रंग दिसला की मी उलट जास्त सावध होतो. या गाडीला गंज आतून लागतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केले की मध्ये केसाएवढी फट राहते, तिच्यात पाणी ओढलं जातं आणि तिथे वारा पोहोचत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो पत्रे एकमेकांपासून ढकलत सुटतो. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

माझी गाडी घेतली तेव्हा लालभडक होती, नुकतीच रंगवलेली. विकणाऱ्याने रंगाचं बिलही दाखवलं. दुसऱ्या हिवाळ्यात पुढच्या मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर मुगाएवढे चार फोड आले. अंगठ्याने दाबलं तर अंगठा आत गेला. तिथे पत्रा नव्हताच. वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर लांबी, त्यावर तो सुंदर लाल रंग. त्या दिवशी गॅरेजच्या फरशीवर बसून राहिलो होतो, ते अजून आठवतं. पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की कुणीतरी या गाडीला मरताना पाहिलं होतं आणि तोंडाला पावडर लावून पुढे ढकललं होतं.

मग घेण्याआधी तपासायची कशी?

सुती कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक घेऊन जा. सिलवर (दाराखालून पुढे-मागे जाणारी पत्र्याची लांब पेटी), मडगार्डांच्या खालच्या भागावर, मागच्या चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे ओढ कमी होते तिथे लांबी आहे. रंगाची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर उत्तम. कारखान्यातला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो. आकडा पाचशेच्या वर गेला की खाली दुसरं काहीतरी आहे. बॉनेटवर चुंबक अजिबात चिकटलं नाही तर घाबरू नका, सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं होतं.

दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का पाहा. रोडस्टरमध्ये वरची फट अरुंद आणि खालची रुंद दिसली, तर गाडी मधोमध खचतेय. शेवटी जॅक लावायच्या जागी जॅक लावून हळूच उचला. दार उघडायला त्रास होऊ लागला किंवा जॅकखालून कुरकुर ऐकू आली, तर गाडी खाली ठेवा आणि किमतीबद्दल नव्याने बोला.

नेमकं कुठे कुठे गंजते?

सगळ्यात आधी सिल, त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

मग पुढच्या मडगार्डच्या आतली जागा. चाकाच्या मागे एक उभा पत्रा असतो, त्याच्या कडेला रबर. रबर कडक झालं की चाकाने उडवलेला चिखल त्या पत्र्याच्या मागे जातो आणि सिलच्या डोक्यावर साचून बसतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकतात, म्हणजे तो नुसता चिखल नसतो, खारवलेला चिखल असतो. माझ्या गाडीतून दोन्ही बाजूंचा मिळून अर्धी बादली निघाला. मडगार्डच्या वरच्या बाजूला, आतल्या कमानीच्या पेटीतही असाच थर बसतो.

सीटांच्या मागे, गाडीच्या मजल्याखाली बॅटरीच्या पेट्या आहेत. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या आणि आम्ल सांडून या पेट्यांचे तळ जातात. दाराच्या वरच्या पुढच्या कोपऱ्याखाली, तिकोनी काचेपाशी, पत्र्याला भेग पडते. ती गंजाची नाही, ताणाची. पण भेगेतून पाणी शिरतं आणि दाराचा तळ आतून जातो. बाजूच्या क्रोम पट्टीच्या क्लिपांसाठी पाडलेली भोकं, हेडलाइटच्या वाट्या, डिकीचा तळ, मागच्या स्प्रिंगा अडकवलेल्या जागा, हेही पाहा.

आणि एक जागा जी लोक विसरतात: काचेच्या पुढची हीटरची हवा घेणारी जाळी. तिच्यातून पडणारं पावसाचं पाणी एका नळीने खाली गिअरबॉक्सच्या बाजूला जातं. नळी पानांनी तुंबली की पाणी आत, पायाशी. गालिचा ओला सापडला तर आधी ही नळी साफ करा.

सिलचं एवढं काय?

एमजीबीच्या आधीच्या एमजीएला वेगळी मजबूत चेसिस होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली. एमजीबीला चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला छत नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरणारी गोष्ट म्हणजे मधला बोगदा आणि दोन्ही बाजूंची सिल. बाहेरून दिसते ती सिलची फक्त साल. आत एक उभा पत्रा आहे, त्याच्या आत आतली सिल, आणि खाली किल्ल्याच्या तटासारखा घडीदार पत्रा, ज्याला इथे कॅसल रेल म्हणतात. हे सगळं मिळून एक पेटी होते आणि ताकद त्या पेटीत असते.

म्हणून ‘वरून नवी सिल चढवून देतो’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा डकवला की दोन थरांत गंजाला आणखी एक फट मिळते आणि ताकद शून्याने वाढते. माझ्या गाडीत तशा दोन साली होत्या, एकीवर एक.

नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं, कारण सिलचं पुढचं टोक त्याच्या मागे दडलेलं असतं. ते बोल्टने बसवलेलं आहे, पण काच आणि डॅशबोर्ड सैल केल्याशिवाय वरच्या काही बोल्टांपर्यंत हात जात नाही. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं आहे, तिथे खालचा तुकडा कापावा लागतो. हे टाळून केलेलं सिलचं काम अर्धवटच राहतं.

सिल कापताना गाडी वाकते म्हणतात, खरं आहे का?

अगदी खरं, आणि वाकलेली रोडस्टर पुन्हा सरळ करणं फार कठीण. दोन गोष्टी सोडू नका. दाराच्या चौकटीत आडवी आणि तिरपी लोखंडी नळी वेल्ड करून ती जागा बांधून टाका. आणि एका वेळी एकच बाजू. एक बाजू कापून, नवी बसवून, दार लटकवून फट मोजून, पूर्ण वेल्ड झाल्यावरच दुसऱ्या बाजूला हात लावा. गाडी चाकांवर किंवा एक्सलखाली स्टँडवर समतल हवी, मधोमध टेकू नको.

मिग वेल्डिंगला ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन मिसळलेला वायू पातळ पत्र्याला बरा. लांब सलग टाका घालू नका, इकडे एक थेंब, तिकडे एक थेंब असं थंड होऊ देत जा, नाहीतर पत्रा लाटा घेतो. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरा. जोडण्याआधी समोरासमोरच्या पत्र्यांना वेल्ड करता येणारा जस्ताचा प्रायमर लावा, कारण त्या फटीत तुमचा ब्रश पुन्हा कधी पोहोचणार नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा, अल्टरनेटरच्या तारा सोडा, पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा.

इतकं सगळं कापण्यापेक्षा नवी बॉडीच मिळत नाही का?

मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्या मूळ साच्यांवर एमजीबीच्या संपूर्ण बॉड्या १९८८ पासून बनवते. तुमच्या गाडीत सिल, मजला, मागचे स्प्रिंग-आधार आणि पुढच्या कमानी हे सगळंच गेलं असेल, तर वेल्डिंगच्या तासांचा हिशेब मांडून पाहा, नवी बॉडी कधीकधी शहाणपणाची ठरते. नोंदणीचे नियम मात्र आधी वाचा. माझा कल जितका जुना पत्रा वाचेल तितका वाचवण्याकडे आहे.

जुना रंग काढायला सँडब्लास्टिंग करू?

मजला, कमानी, सस्पेन्शनचे भाग यांना करा. बॉनेट, दारं, मडगार्ड अशा सपाट मोठ्या पत्र्यांवर जाड वाळूचा मारा करू नका. वाळूचे कण पत्र्याची एक बाजू ठोकून ताणतात आणि पत्रा फुगतो, मग कुठलाही डेंटर तो पूर्ववत करू शकत नाही. तिथे रंग काढायचं रसायन आणि धीर हेच खरं. सोड्याचा मारा सौम्य असतो, पण त्याची पूड राहिली तर वरचा रंग धरत नाही, म्हणून भरपूर धुवून पूर्ण वाळवायचं.

पूर्ण बॉडी रसायनाच्या टाकीत बुडवण्याची सोयही इथे आहे. बंद पेट्यांच्या आतलंही साफ होतं हा मोठा फायदा. पण फटीत अडकलेलं रसायन नंतर रंगाखालून बाहेर येऊ शकतं, त्यामुळे धुणं आणि वाळवणं कोण किती मनापासून करतं हे विचारल्याशिवाय गाडी देऊ नका.

उघडा पत्रा दमट हवेत काही तासांत तांबूस पडतो. शुक्रवारी संध्याकाळी पत्रा उघडा करून सोमवारी प्रायमर मारायचा बेत आखू नका.

गंज बदलून टाकणारं द्रव लावलं की काम झालं?

झालं नाही. फॉस्फरिक आम्लाचं असो की टॅनिक आम्लाचं, ते वरच्या पातळ गंजाचं स्थिर थरात रूपांतर करतं. पापुद्रे सुटणाऱ्या गंजाखाली ते पोहोचतच नाही. आधी तारेच्या ब्रशने, खरवडणीने चांगलं लोखंड दिसेपर्यंत साफ करा. खड्ड्यांत राहिलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी हे द्रव ठीक. भोक पडलं असेल तर त्यावर एकच औषध आहे, नवा पत्रा.

लांबी अजिबात लावायचीच नाही का?

लावायची! लांबीची बदनामी ती भोकांवर भरणाऱ्यांनी केली. चांगल्या पत्र्यावर, वेल्डिंगनंतरचा बारीक उंचसखलपणा काढायला पातळ लांबी अगदी योग्य आहे. फक्त तिच्यात टाल्कची पूड असते, ती ओल शोषते. म्हणून उघड्या पत्र्यावर लावण्यापेक्षा आधी इपॉक्सी प्रायमर मारून, तो घासून, त्यावर लांबी लावलेली मला बरी वाटते. ८० नंबरच्या पेपरने लांब फळीवर घासा, बोटांनी नाही. बोटांनी घासलं की बोटांच्या आकाराचे चर पडतात आणि ते शेवटच्या कोटानंतरच दिसतात.

प्रायमर कोणता?

उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी. तो ओल अडवतो. आम्लाचा एच (etch) प्रायमर पत्र्याला चावून बसतो, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉनेटला तो कामाचा, पण त्यावर थेट लांबी लावू नका आणि इपॉक्सीबरोबर त्याची जोडी जमेल की नाही हे त्याच कंपनीच्या कागदावर वाचा. एकाच कंपनीची मालिका वरपासून खालपर्यंत वापरा, हा माझा आग्रह आहे.

इपॉक्सीनंतर सरफेसर, म्हणजे जाड थराचा प्रायमर. हा सच्छिद्र असतो. इथे अनेक गाड्या ‘प्रायमरमध्ये आहे, बाकी काही नाही’ म्हणून विकायला दिसतात, दोन-दोन वर्षं शेडमध्ये राखाडी उभ्या. त्या सरफेसरने तितकी वर्षं ओल प्यायलेली असते आणि खाली गंज सुरू झालेला असतो. अशी गाडी घेतली तर ते सगळं काढून पुन्हा उघड्या पत्र्यापर्यंत जायची तयारी ठेवा. स्वतःचं काम लांबणार असेल तर गाडी इपॉक्सीवर थांबवा, सरफेसरवर नाही.

सेल्युलोज की टू-के?

आपल्याकडे ज्याला पेंटर आजही डुको म्हणतात तेच हे सेल्युलोज. डुको हे ड्यूपाँ कंपनीचं १९२० च्या दशकातलं व्यापारी नाव, ते आपल्या भाषेत रंगाच्या जातीचंच नाव होऊन बसलं. हा रंग थिनर उडून गेला की सुकतो, त्यात दुसरी काही रासायनिक क्रिया नाही. त्यामुळे पुढचा कोट आधीच्या कोटात थोडा विरघळून एकजीव होतो, ओघळ आला तर घासता येतो, कोपऱ्यावर खरचटलं तर तेवढंच दुरुस्त करता येतं. त्याची झळाळी मऊ असते, जुन्या गाडीच्या गोलाव्यांना ती शोभते. पण कोट खूप लागतात, पॉलिशला दिवस जातात, आणि पेट्रोल सांडलं की डाग.

टू-के म्हणजे हार्डनर घालून पक्का होणारा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग. दोन-तीन कोटांत काम, टणक, पेट्रोलला दाद न देणारा, पुढची अनेक वर्षं निगा कमी. रोज चालवायची गाडी असेल तर टू-के घ्या. मी स्वतः टू-के मारून घेतला, क्लिअरशिवाय (वरच्या पारदर्शक थराशिवाय), थेट रंगाचाच, आणि नंतर २००० नंबरच्या पेपरने हलका घासून पॉलिश केला. असं केलं की प्लॅस्टिकसारखा काचेरी चकाकतेपणा जातो. एमजीबीवर जाड क्लिअर मला खटकतो.

जुन्या रंगावर मारायचा असेल तर आधी चाचणी: थिनरमध्ये भिजवलेला बोळा झाकलेल्या कोपऱ्यावर घासा. रंग बोळ्यावर उतरला तर तो सेल्युलोजच्या जातीचा. चुकीच्या थरावर तेज थिनर पडला की खालचा रंग सुरकुतून उठतो, सुकलेल्या दुधाच्या सायीसारखा. शंका असेल तिथे मी सगळं काढून टाकतो.

घरच्या गॅरेजमध्ये फवारू का?

सेल्युलोज, काळजी घेऊन, हो. वाफांना आग लागते, म्हणून हीटर, पायलट फ्लेम, ठिणगी टाकणारा पंखा, काही नको. वाफांसाठी योग्य मास्क हवाच.

टू-के घरी फवारू नका. हे मी कळकळीने लिहितोय. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याचे कण फुप्फुसात गेले की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोडंसंही पुरतं. त्याचा वास धोक्याची सूचना देत नाही. फिल्टर संपला तरी कळत नाही, म्हणून कोळशाचा मास्क पुरेसा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि हवा ओढून घेणारं बूथ लागतं. फवारणं थांबल्यावरही धुकं काही काळ हवेत असतं, मास्क लगेच वर करू नका. भारतातल्या रंगाच्या गॅरेजांत मी मुलांना तोंडाला रुमाल बांधून पीयू मारताना पाहिलंय. तुमची गाडी तिथे रंगत असेल तर मालकाशी याबद्दल बोला, आणि त्यासाठी दोन पैसे जास्त द्यायची तयारी ठेवा. आपल्या हौसेपायी त्या मुलाचा श्वास जायला नको.

मात्र तयारी सगळी घरी करता येते, आणि मजुरीचे बहुतेक तास तयारीतच असतात. मी घासणं घरी केलं, फवारणं बूथमध्ये.

घासण्याचा क्रम काय ठेवू?

सरफेसरवर काळ्या रंगाचा हलका धुरळा मारा. ३२० ने घासताना जिथे काळं शिल्लक राहतं तो खड्डा. सपाट झालं की ६०० चा वॉटर पेपर, मेटॅलिक असेल तर आणखी बारीक. त्यानंतर पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श नको, बोटांचं तेलही रंगात उमटतं.

आणि त्याहून महत्त्वाचं: रंगाआधी गाडी एकदा पूर्ण जोडून पाहा. दारं, बॉनेट, डिकी, बंपर, क्रोम पट्ट्या, सगळं. फटी जुळवा, भोकं जुळवा, मग पुन्हा उतरवून रंगवा. रंगवलेल्या मडगार्डात ड्रिल चालवण्याची वेळ यायला नको.

हवामान कसं असावं?

पत्रा हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा आणि टू-केसाठी वीस अंशांच्या आसपासचं तापमान बरं. दमट दिवशी सेल्युलोज पांढरट पडतो, कारण थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर ओल धरते. त्यासाठी वेगळा हळू उडणारा थिनर मिळतो, पण खरा उपाय दुसरा दिवस निवडणं हाच.

माझी गाडी मुंबईत आहे. हे सगळं तिथे लागू आहे?

पत्रा आणि सांधे तेच, शत्रू जरा वेगळा. तिथे रस्त्यावर मीठ नाही, पण समुद्राच्या हवेत आहे, आणि ते खालूनच नव्हे तर सगळीकडून बसतं. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्याजवळ गाडी असेल तर गोड्या पाण्याने वरचेवर धुवून नीट कोरडी करणं हे कुठल्याही कोटिंगपेक्षा मोठं संरक्षण आहे. पावसाळ्यात रंगकाम काढू नका, दिवाळीनंतरची कोरडी हवा गाठा. कंप्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर आहे का ते पेंटरला विचारा. मुंबईच्या हवेत टाकी रोज पाणी ओकते आणि तेच पाणी रंगातून फुटतं. ताडपत्रीसारखं घट्ट आवरण पावसाळ्यात घालू नका, आत घाम सुटतो.

मूळ रंग कोणता होता हे कसं कळेल?

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या नोंदी आहेत, गाडीचा कारखान्यातला नंबर दिल्यावर तिथून प्रमाणपत्र मिळतं. माझी लाल गाडी मूळची हार्वेस्ट गोल्ड निघाली, पिकल्या भातासारखा पिवळा. डॅशबोर्डच्या मागे तो रंग तसाच होता. मी तिला परत पिवळी केली. सुरुवातीच्या गाड्यांवर टार्टन रेड, आयरिस ब्लू, ओल्ड इंग्लिश व्हाइट हे रंग होते. रंग बदललात तर ब्रिटनमध्ये डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याला, कळवावं लागतं. भारतात आरसी बुकात रंगाची नोंद असते, तिथे आरटीओला आधी विचारा.

पोकळ्यांत गंज अडवणारं मेण कधी मारायचं, रंगाआधी की नंतर?

नेहमी रंगानंतर. मेणाचा अंश पत्र्यावर राहिला की रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे टाकतो. आणि मेण भरलेल्या पेटीजवळ पुन्हा वेल्डिंग म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून क्रम असा: पत्रा, प्रायमर, सांधे बुजवायचं सीलर, रंग, चांगलं सुकणं, आणि मग मेण.

माझ्या मते संपूर्ण कामातला सगळ्यात मोलाचा दिवस हाच, आणि बिलात तो सगळ्यात स्वस्त असतो. वॅक्सॉइल, डिनिट्रॉल, बिल्ट हॅम्बर ही इथली ओळखीची नावं. नाव कुठलंही घ्या, ते पोहोचलं पाहिजे. उन्हाळ्यातला कोरडा, उबदार आठवडा निवडा. डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करा. लांब लवचीक नळी, जिच्या टोकातून सगळ्या बाजूंना फवारा उडतो, ती सिलच्या टोकापर्यंत घाला आणि फवारत फवारत मागे ओढा. उभ्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्या वेगळ्या आहेत, दोन्हींत करा. दारांचे तळ, हेडलाइटमागची जागा, मधल्या आडव्या पेटीची टोकं, मडगार्डच्या बोल्टांच्या ओळी. खालच्या भोकांतून मेण ठिबकलं की समजायचं पोहोचलं. मग काडीने ती भोकं मोकळी करा; ती पाणी जाण्यासाठी आहेत, ती बुजली तर सगळी मेहनत उलटेल.

दोन वर्षांनी पुन्हा एक हात. त्याला अर्धा दिवस लागतो.

खालून काळं डांबरी अंडरकोटिंग?

नको. नवं असताना छान दिसतं, पण वर्षांनी कडक होऊन तडकतं, आणि तड्यांतून शिरलेलं खारं पाणी आत अडकून राहतं. ते खरवडून काढताना मला खाली संपूर्ण गंजलेला मजला सापडला, वरून मात्र काळा, गुळगुळीत, निर्दोष. चाकांच्या कमानींत दगड सोसणारं रबरी कोटिंग आणि त्यावर पारदर्शक मेण लावा. पारदर्शक असलं की काय चाललंय ते दिसतं.

४० वर्षांपुढच्या गाडीला एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही ना?

२०१८ पासून, मोठे बदल न केलेल्या अशा गाड्यांना सूट आहे. तरी मी दरवर्षी करून घेतो. सस्पेन्शन आणि सीटबेल्टच्या बोल्टांभोवतीच्या ३० सेंटिमीटर भागातला गंज तिथे बारकाईने पाहतात. तिसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन गाडीखाली उभं राहणं मला सुटीपेक्षा मोलाचं वाटतं.

हिवाळ्यात चालवायची की झाकून ठेवायची?

रस्त्यावर मीठ पडलं की मी चालवत नाही. दोन-तीन जोरदार पावसांनी रस्ते धुतले गेले की पुन्हा काढतो. मीठ लागलंच तर त्याच दिवशी खालून, कमानींच्या आतून, साध्या पाण्याने धुतो. गॅरेजमध्ये आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवणारं यंत्र लावा. ओली गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा उघड्या शेडमध्ये वाऱ्यावर ठेवलेली बरी.

नव्या रंगावर खडा उडून टवका गेला. आता?

त्याच दिवशी लक्ष द्या, पुढच्या सुटीची वाट पाहू नका. खाली राखाडी प्रायमर दिसत असेल तर पत्रा सुरक्षित आहे, साफ करून काडीच्या टोकाने रंगाचा थेंब सोडा. पत्रा दिसत असेल तर बारीक पेपरच्या गुंडाळीने तेवढाच ठिपका घासा, इपॉक्सीचा थेंब, तो सुकल्यावर रंग, एकेका दिवसाने तीन-चार थेंब, कडेपेक्षा किंचित वर येईपर्यंत. आठवड्याने २००० च्या पेपरने सपाट करून पॉलिश. रंगवणाऱ्याकडून उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून आधीच मागून घ्या. माझ्या बाटलीवर तारीख आणि रंगाचं सूत्र लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे, आणि ती गॅरेजच्या खिडकीत असते, हाताला लगेच लागेल अशी.